चांदव्याचा चौथा कोपरा

मखमलीत जाळ्याचा दोरा पाहिला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. फार मोठी नव्हती, पण घरची मालकीण शेजारी उभी होती आणि ते वस्त्र म्हणजे देवीच्या डोक्यावर धरायचा मानाचा चांदवा होता. मासे धरायच्या जाळ्याचा हिरवट नायलॉनचा दोरा, दुहेरी केलेला, जाड सुईने खसाखसा ओवलेला, आणि वर जाळं विणणारे मारतात तसल्या गाठी. जरीकामाच्या जुन्या मखमलीत! "कुठल्या शहाण्याने केलंय हे?" मी विचारलं.

"आमच्या ह्यांनी," काकी म्हणाल्या.

मी जीभ चावली. काका वारले होते हे मला ठाऊक होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. पण जीभ चावून गप्प राहणं मला जमत नाही, तेवढा पोच मला देवाने दिलेला नाही. मी म्हटलं, "काकी, हा दोरा काढावा लागेल. आजच्या आज."

"बाकी काय वाट्टेल ते कर," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावायचा नाय."

आमची ओळख अशी भांडणानेच सुरू झाली.

माझं रत्नागिरीत ब्लाउजचं दुकान आहे. मी आरी वर्क करते. हल्लीच्या नवरीला पाठीवर मोर हवा असतो आणि बाहीवर अख्खी वरात. ते मी भरून देते आणि मनातल्या मनात नाक मुरडते. मिरजोळ्याच्या दोन मुली माझ्याकडे आरी चालवतात. जुन्या कापडाचं वेड मात्र माझं एकटीचं. पालीच्या एका नवरीच्या घरातला फाटलेला शालू मी सांधून दिला होता. ती नवरी काकींच्या माहेरची निघाली, आणि शिमगा तोंडावर आलेला असताना काकींचा फोन आला.

आरे-वारेच्या वाटेवर, समुद्राच्या वरच्या अंगाला, कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून गेलं की तो बंगला लागतो. गावात त्याला 'वरचं घर' म्हणतात. ते बांधणारा गलबतांचा मालक होता. माल घेऊन पार बसऱ्यापर्यंत जायचा आणि येताना ज्या बंदराला उतरेल तिथलं भरतकाम उचलून आणायचा. बायकोला विचारून आणत नसणार, हे दिवाणखान्यात पाऊल टाकलं की कळतं. छताला दोरीने ओढायचा लांब पंखा अजून टांगलेला आहे. त्याची झालर गर्द निळ्या साटिणीची, आणि तिच्यावर रेशमाने भरलेले मासे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला. कोचांच्या पाठींवर कलाबतूच्या वेली, इतक्या उठावाच्या की टेकून बसलं तर पाठीवर नक्षी उमटेल. लोड-तक्क्यांच्या तोंडांना सोनेरी तारेची कमळं. आतल्या खोलीतल्या पलंगाला चहूबाजूंनी भरतकामाची पट्टी आहे, तिच्यावर गलबतं भरलेली. भरणाऱ्याने गलबत जन्मात पाहिलं नसावं, कारण शिडांना झालर लावली आहे. मी ते पाहून मोठ्याने हसले. काकीही हसल्या, म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा मी पण अशीच हसलेली. सासूने डोळे वटारलेले."

खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर एवढी वस्त्रं टिकली ती बायकांच्या हातांनी. बंदरं पुरुषांनी पाहिली आणि बुरशी बायकांनी काढली, असंच सगळीकडे असतं. काकी उन्हं चढायच्या आत समुद्राकडच्या खिडक्या लावून घेत. पावसाआधी आणि पावसानंतर सगळं सावलीत पसरून वारा देत, घड्यांमध्ये वेखंडाचे तुकडे घालत, घडी दरवेळी नव्या जागी मोडत. जरीवरची धूळ त्या काकांच्या दाढीच्या ब्रशने काढायच्या. मी पुस्तकं वाचून जे शिकले होते त्यातलं बरंचसं त्या घरात नुसत्या सवयीने चाललं होतं. अपवाद एकच, तो नायलॉनचा दोरा.

चांदवा या सगळ्यात मोठा. चार माणसं त्याच्याखाली ऐसपैस झोपतील एवढा. डाळिंबी मखमल, मध्ये कलाबतूचा सूर्य, कडेने टिकल्यांची वेल, आणि कोपऱ्याकोपऱ्याला शंख. जरीची तार काळवंडली होती, तरी खिडकीची फळी उघडली की सूर्यावरून एक पिवळी झळक सरकत जायची आणि आम्ही दोघी बोलता बोलता थांबायचो. त्याचं वजन आम्हा दोघींना पेलत नव्हतं. हे सगळं वजन मखमलीवर, आणि मखमल म्हणजे नुसती म्हणायला मखमल. बोटाने दाबली तर खालचे धागे सुटे होत होते.

शिमग्यात गावच्या देवीची पालखी घरोघरी जाते. वरच्या घरी ती खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात बसते, आणि बसली की तिच्यावर हा चांदवा धरतात. तो बांधायचा नाही, त्याला काठ्या लावायच्या नाहीत, हातांनीच धरायचा. चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या आणि चार माणसं. तीन माणसं गावातल्या तीन वाड्यांची, चौथं त्या घरातलं. देवी उठेपर्यंत हात खाली यायचे नाहीत. काका होते तोवर चौथ्या कोपऱ्याला ते उभे राहायचे. ते गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकींचा दीर. दोघा भावांची वाटणी झाली होती, आणि वाटणीत बोलणं तुटलं ते काका जाईपर्यंत जुळलंच नाही. दिराने खाली रस्त्यालगत नवा बंगला बांधला होता. तो वर्षातून एकदा, पालखीच्या दिवशी वर यायचा, कडी धरायचा आणि पाणीसुद्धा न पिता उतरून जायचा.

गेल्या शिमग्याला चांदव्यातून जरीचा एक झुपका सुटून थेट पालखीवर पडला. गावकीत कुजबुज झाली आणि मग बैठक झाली. चांदवा धड असेल तर पुढच्या वर्षी पालखी वर चढेल. पुन्हा काही पडलं-फाटलं तर यापुढे ती खाली, दिराच्या अंगणात बसेल. घर तेच, रक्त तेच, मग मानाला बाध कसला? खांदेकऱ्यांनाही ते सोयीचं होतं, कारण त्या पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागतात.

मी काकींना म्हटलं, "मान गेला तर गेला. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?"

त्या लोडाचा अभ्रा ओढून सारखा करत होत्या. "मान जाऊं दे खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "वर्षातनं एक दिस सगळा गाव माझ्या दारात येतो गो. देवीच्या पाठनं येतो. देवी आली नाय तर ह्या पायऱ्या कोण चढंल? तू चढशील? तुझं काम झालं की तू पण नाय यायचीस."

त्यांना मूलबाळ नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात दिवसभर ऐकू येत होती ती त्यांची एकटीचीच पावलं.

मी चांदवा दिवाणखान्यात गाद्यांवर उलटा पसरला आणि कामाला लागले. सकाळी दुकान मुलींवर सोपवायचं, स्कूटरला किक मारायची आणि थेट वर. पाठीला मांजरपाटाचं अस्तर लावायचं ठरवलं, आधी भिजवून, आटवून, मऊ करून घेतलेलं. मखमलीला ते एकेरी रेशमी धाग्याने, वीत-वीत अंतरावर, अलगद टाचायचं. कोपऱ्यांना सुती पट्टे, ते कड्यांमधून ओवलेले. म्हणजे चांदवा उचलला की सगळा भार मांजरपाटावर आणि पट्ट्यांवर पडेल. मखमल त्याच्या अंगावर नुसती पडून राहील, आईच्या अंगावर पोर झोपतं तशी. तीन कोपरे झाले. चौथ्याशी येऊन मी थांबले.

काकींना मी समोर बसवलं आणि कडी वर उचलून दाखवली. "हे बघा. नायलॉन आखूड आहे, माझा पट्टा त्याच्याहून जरा लांब पडतोय, आणि तो आखूड केला तर कोपरा चुरगळतो. दोन्ही ठेवले तर भार आखूड दोऱ्यावरच जाणार. आणि हा दोरा तुटणारा नाही. ओढ बसली की दोऱ्याने तुटायचं असतं, म्हणजे कापड वाचतं. इथे दोरा राहील आणि मखमल जाईल. सुईची भोकं बघा, एका रांगेत आहेत. एक उसवलं की सगळी धडाधड."

"हत्ती बांधलास तरी तुटायचा नाय, असं म्हणालेले ते," काकी म्हणाल्या.

"तोच तर घोळ आहे ना!"

काका जन्मभर बोटींवर इंजिनात होते. शेवटच्या शिमग्याआधी ती कडी निसटली, तेव्हा त्यांनी गावातल्या रापणवाल्यांकडून, म्हणजे किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्यांकडून, दोरा मागून आणला आणि पडवीत बसून स्वतः शिवलं. हात तेव्हा थरथरायला लागले होते. सुई ओवायला काकींनाच बोलवत होते आणि गाठ मारताना मात्र म्हणत होते, दूर हो, यातलं तुला कळत नाही. पुढचा शिमगा त्यांनी पाहिला नाही. कपडे वाटून टाकले, चष्मा कुणाला तरी दिला, बिछाना रीतीप्रमाणे दानात गेला. "त्यांच्या हातचं ह्या घरात हेवढंच उरलंय," काकी म्हणाल्या. "सगळा बंगला लोकांच्या हातचा. कुठल्या कुठल्या मुलखातल्या कारागिरांचा. आमच्या घरातल्या माणसाने ह्यात घातलेला हा एकच टाका."

मला गलबलून आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. एवढी शहाणी बाई, आणि एवढ्याशा दोऱ्यापायी सगळं घालवायला निघाली! मी म्हटलं, "मग फाटू दे. तुमचं कापड, तुमची देवी."

"वारा नाय आला तर टिकंल?"

"वारा नाही आला तर टिकेल."

"मग नाय येणार," त्या म्हणाल्या.

त्यांनी ठरवलं की वाऱ्यालाही ऐकावं लागतं, अशा थाटात त्या म्हणाल्या. मी पट्टा शिवला आणि दोरा तसाच ठेवला.

पालखीच्या आदल्या दिवशी दीर वर आला. मी एकटीच दिवाणखान्यात होते. काकी त्याचा आवाज ऐकताच आत निघून गेल्या. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. कोचाच्या कडेला उभा राहून त्याने चांदव्याकडे पाहिलं, मग वाकून चौथा कोपरा हातात घेतला. गाठीवरून अंगठा फिरवला.

"टिकेल काय?" त्याने विचारलं.

त्या प्रश्नात काळजी होती की आशा, मला कळेना. मी तिरसटपणे म्हटलं, "धरणाऱ्यावर आहे. कडी मागे ओढली तर नाही टिकणार." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उतरून गेला. मला त्या माणसाची भीती वाटली. चांदवा फाटला तर देवी त्याच्या अंगणात जाणार होती, आणि फाटायला त्याने अर्धं पाऊल मागे सरकणं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासूनच वर होते. माझं काम संपलं होतं, पण पाय निघेना. काकींनी खळं सारवलं होतं, रांगोळी काढली होती. झाडाचं पानही हलत नव्हतं. काकी दर थोड्या वेळाने समुद्राकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे, जणू वारा मीच कुठेतरी कोंडून ठेवला होता.

दुपार कलली तसा खालून खालूबाजा ऐकू आला, आधी ढोल, मग सनई. पालखी पायऱ्या चढायला लागली. खळं माणसांनी भरलं. मुंबईहून आलेले चाकरमानी, पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या. पालखी नाचली, मग गुरवाने हात वर केला आणि ती पाटावर बसली. चार माणसं चांदवा घेऊन पुढे झाली. मी पडवीच्या पायरीशी, चौथ्या कोपऱ्याच्या सगळ्यात जवळ उभी राहिले. गळ्यात माझा धागाकटर होता, दुकानात असतो तसाच दोरीला अडकवलेला.

चांदवा वर गेला. गर्दीतून 'आहा' असा आवाज आला. खरं सांगते, क्षणभर मला सगळ्याचा विसर पडला. उघड्या उजेडात तो सूर्य मी पहिल्यांदाच पाहत होते. तो आणला गेला तेव्हा असाच दिसला असेल.

सवाशिणी ओटी भरायला पुढे झाल्या. काकी दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. ज्या बाईने वर्षभर या चांदव्याची धूळ काढली, तिने त्याच्याखाली जायचं नाही, देवीला कुंकू लावायचं नाही, कारण नवरा मेला. मला या गोष्टीचा संताप येतो आणि तो मी कुणापासून लपवत नाही. पण त्या दिवशी मी गप्प होते, कारण माझे डोळे त्या कोपऱ्यावर होते. नायलॉन ताठ झाला होता. माझा सुती पट्टा त्याच्या शेजारी सैल, बिनकामाचा लोंबत होता.

आणि मग वारा आला. समुद्रावरून दुपारचा येतो तोच, रोजचा. आधी माडाच्या झावळ्या सळसळल्या, मग चांदव्याचं पोट वर उचललं गेलं आणि धपकन खाली आलं. तीन कोपऱ्यांनी तो धक्का निमूट सोसला. चौथ्या कोपऱ्यात टर्र झालं. आवाज बारीक होता, ढोलात तो कुणालाही ऐकू गेला नसता. पण मी कापडात जन्म काढलाय. शंखाच्या कडेला, सुईच्या भोकांच्या रांगेत, मखमल बोटभर उघडली होती.

दिराने मान वर केली. त्यालाही हाताला कळलं होतं. त्याने फट पाहिली, मग समोर बसलेल्या गावकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. आता हा मागे सरकणार, मला वाटलं. सरकायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहिला असता तरी पुढच्या झुळकीने काम केलं असतं.

तो पुढे सरकला. अर्धं पाऊल, मग आणखी अर्धं. कोपरा सैल पडला. त्याने दोन्ही दंड कापडाखाली घालून भार स्वतःवर घेतला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. वारा पुन्हा आला. फट आणखी बोटभर उघडली. त्याने माझ्याकडे पाहून दातांतून म्हटलं, "बाय, शिवण जातेय. काय करू?"

"तो दोरा कापायला हवा," मी म्हटलं. "कापला की भार पट्ट्यावर येईल. मी येते."

मी कटर हातात घेतला आणि एक पाऊल टाकलं. मागून माझा दंड कुणीतरी धरला. काकी होत्या. दारातून पडवी ओलांडून त्या कधी आल्या मला कळलंच नाही.

"तू नको," त्या म्हणाल्या. "दे इकडे."

त्यांनी माझ्या गळ्यातली दोरी ओढून कटर काढून घेतला आणि खळ्यात उतरल्या. सगळ्यांच्या देखत, सवाशिणींच्या रांगेतून, सरळ चांदव्याखाली. ओटी भरणारी एक बाई हातातलं ताट तसंच धरून थिजली. गुरवाने तोंड उघडलं आणि मिटलं. बाजावाल्यांना काहीच कळलं नव्हतं, ते वाजवतच होते. बरं झालं वाजवत होते.

कोपरा काकींच्या हाताला येईना, दीर एवढा उंच. त्यांनी टाचा उंचावल्या, तरी येईना. हात खाली आणायचा नाही ही तिथली रीत. सगळा गाव बघत होता. दिराने गुडघे वाकवले. हात वरच ठेवले आणि स्वतः खाली वाकत गेला, एक गुडघा सारवलेल्या जमिनीवर टेकेपर्यंत. आता गाठ काकींच्या तोंडासमोर होती.

त्या नुसत्या बघत राहिल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, कापा ना, कापा! वारा उठत होता, झावळ्यांत ऐकू येत होता.

"काप, वैनी," दीर म्हणाला. वाटणीनंतर त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

काकींनी कापलं. नायलॉन चिवट असतो, एका दमात कापला जात नाही. त्यांना करकरत कापावा लागला, एक पदर, मग दुसरा. दुसरा तुटला तेव्हा गाठीचा तुकडा गळून खाली पडला आणि चांदव्याने एक हिसका खाल्ला. मग माझा सुती पट्टा ताठ झाला. मी वाट पाहिली. वारा आला, चांदवा उचलला गेला, खाली बसला. फट होती तेवढीच राहिली.

दीर हळूहळू उभा राहिला. काकी मात्र तिथून हलल्या नाहीत. त्या चांदव्याखाली, देवीच्या समोर उभ्या होत्या, हातात कटर. गावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत उठला. मला वाटलं, आता होणार तमाशा. त्याने चांदव्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं आणि गुरवाला म्हणाला, "घाल रे गाऱ्हाणं. खोळंबलास कशाला?"

गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं. ह्या घरच्या लेकरांना सुखी ठेव, गेलेल्यांना थारा दे, उभ्या असलेल्यांना बळ दे. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." पुढच्या वर्षाच्या आमंत्रणाचा नारळ म्हाताऱ्याने घेतला तो काकींच्याच हातून. मग देवी उठली, चांदवा उतरला, आणि बाजा पायऱ्यांवरून खाली जात जात दूर गेला.

चांदवा आम्ही आत नेऊन गादीवर ठेवला. मी फट तपासली. सांधता येण्याजोगी होती. आनंदाने काकींना हाक मारायला बाहेर आले तर त्या खळ्यात ओणव्या होऊन काहीतरी शोधत होत्या. नारळाच्या शेंड्या, फुलांच्या पाकळ्या, तांदूळ, एवढ्या माणसांनी तुडवलेली रांगोळी. त्यात वीतभर हिरवट नायलॉन कुठे दिसणार? त्या तळहात जमिनीवर फिरवत होत्या. मी खाली उतरणार तेवढ्यात दिसलं, दीर गेलेला नव्हता. पांढऱ्या लेंग्याला शेण लागलेलं, तोही पलीकडच्या बाजूने गुडघ्यांवर बसून तसाच जमीन चाचपत येत होता.

दोरा त्यालाच सापडला. तुळशीच्या कट्ट्याशी, पाकळ्यांखाली. दुहेरी दोरा, मध्ये ती गाठ. त्याने तो तळहातावर घेतला. काकींनी हात पुढे केला. त्याने दोरा दिला नाही. मुठीत धरून उभा राहिला, आणि मला वाटलं, एवढं सगळं झाल्यावर आता हा याच्यावरूनही भांडणार.

"दादाच्या हातचं माझ्याकडे कायच नाय, वैनी," तो म्हणाला. "वाटणीत सगळं मागितलं. हे मागायला सुचलंच नाय." मग त्याने मूठ उघडली. "अर्धा मला ठेवू?"

डोळे पुसायला काकींनी पदर उचलला आणि तसाच सोडून दिला. मग कमरेला खोचलेला माझा कटर त्यांनी काढला, आणि गाठ कुठल्या बाजूला जाईल हे बघून, ती त्याच्याकडे ठेवून दोरा कापला.